वार्धक्याची परतीची वाट : ‘द लेटहोमकमर’मधील आजी

निर्वासितांच्या जीवनावर गेल्या अर्धशतकात इंग्रजीत जे गद्य निर्माण झाले आहे, त्याच्या केंद्रस्थानी बहुधा तरुण माणूस असतो. तो देश सोडतो, सीमा ओलांडतो, परकी भाषा आत्मसात करतो, शिकतो, नोकरीस लागतो आणि अखेर त्याच परक्या भाषेत आपली कहाणी लिहितो. कथानकाला लागणारी गती त्याच्या वयातच असते. अशा रचनेत वृद्धांचे काय करावयाचे, हा प्रश्न लेखकांना नेहमीच अडचणीचा वाटत आला आहे. म्हातारी आजी नवी भाषा शिकत नाही, कारखान्यात कामाला जात नाही. तिच्या बाबतीत जे घडावयाचे ते पूर्वीच घडून गेले आहे, अशी लेखकाची आणि वाचकाचीही समजूत असते. म्हणून तिला घराच्या एका कोपऱ्यात बसविण्यात येते, तिच्या तोंडी एखाददुसरी लोककथा घालण्यात येते आणि शेवटाकडे तिचा मृत्यू योजून एका पिढीचा अंत सूचित करण्यात येतो. काओ कालिया यांग ह्या ह्मोंग-अमेरिकन लेखिकेच्या ‘द लेटहोमकमर’ ह्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातही वरवर पाहता हेच घडते. आजी आहे, तिच्या गोष्टी आहेत, आणि शेवटाकडे तिचा मृत्यूही आहे. तथापि हे साम्य फसवे आहे. ह्या पुस्तकातील वार्धक्याला स्वतःची अशी एक दिशा आहे आणि ती उर्वरित कथानकाच्या दिशेच्या नेमकी उलट आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

पुस्तकाकडे वळण्यापूर्वी त्याच्या पार्श्वभूमीची थोडी ओळख करून घेणे इष्ट होईल. ह्मोंग हे दक्षिण चीन, व्हिएतनाम, लाओस व थायलंड यांच्या डोंगराळ भागात राहणारे लोक. लाओसमधील ह्मोंग डोंगरउतारावरील रान तोडून, जाळून तेथे भात व मका पिकवीत आणि जमिनीचा कस गेला की गाव हलवीत. १९६१ पासून अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने लाओसमधील कम्युनिस्टांविरुद्ध लढण्यासाठी जनरल व्हांग पाओ यांच्या नेतृत्वाखाली ह्मोंगांचे सैन्य उभारले. अमेरिकन जनतेपासून ही गोष्ट लपवून ठेवण्यात आली, म्हणून हे युद्ध पुढे ‘गुप्त युद्ध’ ह्या नावानेच ओळखले जाऊ लागले. मे १९७५ मध्ये व्हांग पाओ आणि त्यांचे अधिकारी लाँग टिएंग येथील तळावरून विमानाने बाहेर पडले. मागे राहिलेल्या सामान्य ह्मोंगांना नव्या सत्तेच्या सूडाला तोंड द्यावे लागले. हजारो कुटुंबे रानात शिरली, आणि त्यांतील जी वाचली त्यांच्यापैकी पुष्कळशी मेकाँग नदी ओलांडून थायलंडमध्ये आली. लोई प्रांतातील बान विनाय ही त्यांची मोठी छावणी. ती १९९२ साली बंद झाली. तेथून अमेरिकेस गेलेली कुटुंबे मुख्यतः कॅलिफोर्निया, मिनेसोटा व विस्कॉन्सिन ह्या राज्यांत स्थिरावली. आज अमेरिकेत ह्मोंग वंशाचे तीन लाखांहून अधिक लोक असून मिनेसोटातील सेंट पॉल हे शहर त्यांचे एक प्रमुख केंद्र आहे.

लेखिकेचा जन्म १९८० साली बान विनाय येथे झाला आणि १९८७ साली हे कुटुंब सेंट पॉलला आले. पुस्तकाचा क्रम स्थूलमानाने काळाला धरून आहे. आईवडिलांची रानातील भेट आणि विवाह, स्त्रिया व मुले सैनिकांच्या हाती सापडणे आणि त्यांची सुटका, १९७९ मधील नदी ओलांडण्याचा प्रसंग, छावणीतील बालपण, नंतर अमेरिकेतील सरकारी वसाहत, गरिबी, शाळेत इंग्रजी शब्द तोंडातून न फुटणारी मुलगी, तिचे महाविद्यालयीन शिक्षण, आणि शेवटी फेब्रुवारी २००३ मध्ये आजीचा मृत्यू व तिचे अंत्यसंस्कार. २००९ साली पुस्तकाला मिनेसोटा राज्याचे ग्रंथपुरस्कार मिळाले आणि अमेरिकेतील महाविद्यालयांत ते वाचले जाऊ लागले. एका निर्वासित मुलीला स्वतःचा आवाज सापडल्याची कथा, असे त्याचे वर्णन सर्वसाधारणपणे केले जाते. हे वर्णन चुकीचे नाही. मात्र ते मान्य केले तर शेवटचा, अंत्यविधीचा प्रदीर्घ भाग हा निव्वळ पुरवणीसारखा ठरतो. मुलगी शिकली, लिहू लागली, येथे कथा पुरी व्हावयास हवी होती. ती तशी होत नाही. उलट पुस्तकातील सर्वांत बांधीव, सर्वांत आत्मविश्वासाने लिहिलेली पृष्ठे तेथेच आहेत. ज्या अर्थी एखाद्या कलाकृतीचे बळ तिच्या तथाकथित पुरवणीत एकवटलेले दिसते, त्या अर्थी तिचा विषय ठरविण्यात आपलेच काही चुकले असले पाहिजे.

अर्पणपत्रिकेतच ह्या विषयाची खूण सापडते. लिहावयास कधीच न शिकलेल्या आजीला आणि तिने न लिहिलेले पुढे वाचणाऱ्या धाकट्या भावाला, अशा दोघांना मिळून हे पुस्तक अर्पण केलेले आहे. ह्या दोन टोकांमध्ये लेखिका स्वतःला उभी करते. तिचे काम लेखणीचे आहे. ज्याचे लेखन व्हावयाचे ते आयुष्य दुसऱ्याचे आहे.

येथे आजीच्या निरक्षरतेविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते, कारण ह्या शब्दाने वाचकाची सहज दिशाभूल होते. आज सर्वाधिक प्रचारात असलेली ह्मोंग भाषेची रोमन लिपी १९५१ ते १९५३ ह्या काळात लाओसमध्ये काम करणाऱ्या मिशनऱ्यांनी व भाषाशास्त्रज्ञांनी सिद्ध केली. दुसरी, पाहाव्ह नावाची लिपी शाँग लू यांग ह्या अक्षरशून्य शेतकऱ्याने १९५९ साली निर्माण केली. म्हणजे ही आजी तरुण होती तेव्हा तिची मातृभाषा लिहिण्याची कोणतीही रूढ सोय तिच्या भोवती नव्हती. तिला लिहिता येत नव्हते हे खरे, पण तिच्या जगात कोणालाच त्या भाषेत लिहिता येत नव्हते, आणि त्यामुळे कोणाचे काही अडतही नव्हते. जे जपून ठेवावयाचे ते गाण्यात, मंत्रात, गोष्टीत आणि कशिद्यात जपले जात होते. निरक्षरता ही तिला अमेरिकेने दिलेली ओळख होय. ह्या पुस्तकातील आजी औषधी वनस्पतींची जाणकार आहे, हरवलेल्या आत्म्यांना परत बोलावणारी शामन आहे. तिच्या ज्ञानाला एक निश्चित स्थान होते. ते स्थान समुद्रापलीकडे राहिले. अमेरिकेत ती कोणती पाने तोडणार?

वार्धक्य म्हणजे काय, ह्याचे दोन परस्परविरोधी हिशेब पुस्तकाच्या पार्श्वभूमीस आहेत. एक हिशेब राज्यसंस्थेचा. ह्मोंग वृद्धांपैकी अनेकांची जन्मतारीख कोठेच नोंदलेली नव्हती. छावणीतील कागदपत्रांसाठी ती अंदाजाने घातली गेली, आणि म्हणून कितीतरी म्हाताऱ्यांचा जन्म अमेरिकन दप्तरात एक जानेवारीला झालेला आहे! ह्या कागदी वयावर सरकारी साहाय्य अवलंबून होते. १९९६ च्या कायद्याने नागरिक नसलेल्या वृद्धांच्या साहाय्यावर गदा आली, पुढील वर्षी त्यातील काही भाग मागे घेतला गेला. परंतु नागरिकत्वाची परीक्षा इंग्रजीत होती. गुप्त युद्धात लढलेल्या ह्मोंगांना व त्यांच्या पत्नींना इंग्रजीच्या अटीतून सूट देणारा कायदा २००० साली व्हावा लागला. साठी-सत्तरी उलटलेल्या माणसाने स्वतःच्या म्हातारपणावरील हक्क सिद्ध करण्यासाठी परक्या भाषेची परीक्षा द्यावी, अशी ही स्थिती होती.

दुसरा हिशेब नातीचा. तिला आजीचे वय वर्षांत मोजावयाचे नाही, कारण ते वर्षांत उपलब्धच नाही. ते ती शरीरावर वाचते. लेखिकेने पुढे २०२० साली ‘द मोस्ट ब्यूटिफुल थिंग’ हे एक चित्रमय बालपुस्तक लिहिले, त्यात हा हिशेब अगदी उघड झाला आहे. आजीच्या तोंडात एकच दात उरलेला आहे. नातवंडे तिची नखे काढून देतात. तिच्या पायांना भेगा पडल्या आहेत, त्या भेगांत फार पूर्वीची, फार दूरच्या मुलखातील माती आहे, अशी त्या मुलीची समजूत. प्रौढ समीक्षकाला ही कल्पना बाळबोध वाटेल. माझ्या मते लेखिकेच्या साऱ्या लेखनातील आजीविषयक जाणिवेचे बीज ह्याच भेगेत आहे. अनवाणी चाललेल्या वाटांची नोंद तळपायावर राहते. ती कोणाला लिहावी लागत नाही, आणि अमेरिकन गालिच्यांवर चालून ती पुसलीही जात नाही. आयुष्याच्या आरंभीच ही स्त्री पोरकी झाली, तिने धाकट्या भावंडांना सांभाळले, मुले वाढविली, नवरा गमावला, म्हातारपणी युद्धातून मुलांनातवंडांसह वाट काढली. हे सारे नातीला माहीत आहे ते ऐकून. पण पाय तिने हातात धरलेला आहे. ऐकीव आणि स्पर्शलेले यांतील हे अंतर लेखिका कोठेही विसरत नाही.

आता रचनेच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. ह्मोंग परंपरेत आयुष्याचा प्रवास सांगण्याचे दोन प्रकार ह्या पुस्तकाच्या पाठीशी उभे आहेत असे मला वाटते. पहिला प्रकार कथाचित्रांच्या कशिद्याचा. ‘पां दाऊ’ म्हणजे फुलांचे कापड, हा ह्मोंग स्त्रियांचा जुना भरतकामाचा प्रकार. त्यात मुळात भूमितीय नक्षी असे. माणसे, गावे, सैनिक, नदी असे प्रसंग कापडावर भरण्याची पद्धत थायलंडमधील छावण्यांत, १९७५ नंतरच्या वर्षांत, परदेशी गिऱ्हाइकांना विकण्याच्या निमित्ताने रुळली. अशा कापडावर बहुधा लाओसमधील गाव असते, वर विमाने असतात, मध्ये मेकाँग असते, पलीकडे छावणी असते आणि कधीकधी एका कोपऱ्यात अमेरिकेस जाणारे विमानही असते. डोळ्याने हे कापड एकाच दिशेने वाचावयाचे : घरापासून दूर. विकत घेणाऱ्या पाश्चात्त्यालाही ती दिशा सोयीची आहे, कारण प्रवासाच्या शेवटी तो स्वतः उभा आहे.

दुसरा प्रकार अंत्यविधीतील ‘वाट दाखविण्याच्या’ मंत्राचा. ह्मोंग अंत्यसंस्कार अनेक दिवस चालतात. ढोल आणि ‘केंग’ नावाचा बांबूच्या नळ्यांचा पावा वाजत असतो. ह्या पाव्याच्या स्वरांना शब्दांचा अर्थ असतो, म्हणजे तो वाजत नसून मृताशी बोलत असतो, ही गोष्ट आपल्या श्रोत्याला नवलाची वाटेल. वाट दाखविणारा जाणकार मृताच्या आत्म्याला तो ज्या ज्या ठिकाणी राहिला त्या त्या ठिकाणी उलट्या क्रमाने नेतो. प्रत्येक ठिकाणी थांबावयाचे, तेथील भूमीच्या देवतेचे आभार मानावयाचे, तेथील अन्नपाण्याचे ऋण फेडावयाचे आणि पुढे म्हणजे मागे जावयाचे. असे करीत जन्माच्या घरी पोहोचावयाचे, कारण तेथे जन्मावेळची वार पुरलेली असते. ह्मोंग भाषेत वारेला जो शब्द आहे त्याचा अर्थ अंगरखा असाही होतो. हा पहिला अंगरखा घातल्याशिवाय आत्म्याला पूर्वजांकडे जाता येत नाही. मुलग्याची वार घराच्या मुख्य खांबाशी पुरतात, मुलीची आईवडिलांच्या बिछान्याखाली.

‘द लेटहोमकमर’चा मोठा भाग कशिद्याच्या दिशेने चालतो : रान, नदी, छावणी, विमान, सेंट पॉल. शेवटचा भाग मंत्राच्या दिशेने चालतो. सेंट पॉलमधील घरातून निघून थायलंडच्या छावण्यांतून, मेकाँग परत ओलांडून, लाओसच्या रानातून आजीला तिच्या जन्माच्या गावी नेण्यात येते. वाचकाने जी ठिकाणे एकदा येताना पाहिली तीच तो जाताना पाहतो. जी नदी ओलांडताना जीव मुठीत धरावा लागला, ती आता शब्दांच्या आधारे, कोणी पाठलाग करीत नसताना ओलांडली जाते. ह्या पुनरावृत्तीचा परिणाम मोठा आहे. पहिल्या वेळी जी केवळ संकटांची ठिकाणे होती, ती दुसऱ्या वेळी राहण्याची ठिकाणे ठरतात, कारण मंत्र प्रत्येक ठिकाणाचे आभार मानतो, छावणीचेसुद्धा. निर्वासितांच्या कथनात छावणीचे आभार मानलेले निदान माझ्या वाचनात तरी अन्यत्र आलेले नाहीत.

असे असता पुस्तकाचा कालक्रम ही केवळ सोय राहत नाही. लेखिकेने आधीचा सर्व प्रवास इतक्या तपशिलाने का सांगितला, ह्याचे उत्तर मंत्रात मिळते. वाट दाखविणाऱ्याला मृत व्यक्ती कोठे कोठे राहिली हे बिनचूक माहीत असावे लागते. एक ठिकाण जरी सुटले तरी आत्मा वाट चुकण्याची भीती. लाओसमधल्या लाओसमध्ये गाव हलविणाऱ्या माणसांच्या बाबतीत ही यादी घरच्यांना पाठ असे. आता तीत परदेशी छावण्या आणि अमेरिकन रस्ते शिरले आहेत. नातीचे पुस्तक ही त्या यादीची विस्तृत आवृत्ती होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ह्या ठिकाणी आजीच्या स्त्रीत्वाचा एक मुद्दा येतो, ज्याकडे समीक्षेने अधिक लक्ष द्यावयास हवे होते. ह्मोंग समाज कुळांत विभागलेला आहे आणि विवाह कुळाबाहेर होतो. विवाहित स्त्री वडिलांचे कुळनाव टाकीत नाही, परंतु विवाहानंतर ती पतीच्या घराण्याच्या देवदेवतांच्या व पूर्वजांच्या छत्राखाली येते. सबंध पुस्तकभर आपण ह्या स्त्रीला पतीच्या घराण्याची मूळ माता म्हणून पाहतो. मुलगे, सुना, नातवंडे वेगवेगळ्या घरांत विखुरलेली आहेत आणि ती सर्व एका ठिकाणी असावीत ही तिची न संपणारी इच्छा आहे. तिच्या म्हातारपणाचे दुःख म्हणजे मुख्यतः हे विखुरणेच. परंतु मंत्र तिला ज्या बिछान्यापाशी नेतो तो तिच्या आईवडिलांचा बिछाना आहे. लहानपणीच पोरकी झालेली मुलगी सर्वांना वाढवून, सर्वांना पार करून, अखेरीस कोणाची तरी मुलगी म्हणून घरी पोहोचते. लेखिका हे बोलून दाखवीत नाही. विधीचे वर्णन ती जसेच्या तसे देते आणि बाजूला होते. हा संयम तिच्या पुस्तकात सर्वत्र आढळत नाही, म्हणून येथे तो विशेष जाणवतो.

शीर्षकाचा विचारही याच संदर्भात करावयास हवा. इंग्रजीत हा शब्द रोजच्या वापरातला नाही. मेव्हिस गॅलंट यांच्या एका प्रसिद्ध कथेचे हेच नाव आहे आणि त्यामागे दुसऱ्या महायुद्धानंतर वर्षानुवर्षांनी कैदेतून परतलेल्या जर्मन सैनिकांसाठी रूढ झालेला जर्मन शब्द आहे. त्या शब्दात उशिराची एक कटू छटा आहे : घर आहे, पण आपण पोहोचलो तेव्हा ते आपले राहिलेले नाही. यांग यांच्या पुस्तकात ‘घरी उशिरा पोहोचणारी’ नक्की कोण? अमेरिकेत उशिरा आलेले ह्मोंग, असे उत्तर अनेकांना सुचेल. आजीच्या संदर्भात ते पुरत नाही. मराठीत ह्या शीर्षकाचे भाषांतर करावयाचे झाले तर अडचण लगेच कळते. मराठीतील ‘परतणे’ पुन्हा तेथेच जाणे सुचविते, आणि इंग्रजीतील येणे कोणत्या घरी हे मोकळे ठेवते. लेखिकेला ती मोकळीक हवी आहे.

पुस्तकाचे दोषही सांगितले पाहिजेत. अमेरिकेतील वर्षांचा भाग, विशेषतः शाळेचा, फार ओळखीच्या वाटेने जातो. गप्प राहणारी मुलगी, तिच्यातील लेखक ओळखणारी शिक्षिका, परिश्रम, यश, ही साखळी खरी असेल, तरी ती सांगताना लेखिकेच्या भाषेतील ताण सैल होतो आणि भावनेचे शब्द प्रसंगापेक्षा मोठे होऊ लागतात. प्रेम हा शब्द इतक्या वेळा येतो की त्याची धार बोथट होते. ह्याहून गंभीर आक्षेप असा की, नातीच्या प्रेमामुळे आजी कधीकधी निर्दोष बनते. जिने इतक्या संकटांतून इतकी माणसे पार केली तिच्यात काही कठोरपणा, काही पक्षपात, काही हट्ट असल्याशिवाय ते झाले असेल काय? त्याच्या खुणा पुस्तकात आहेत, पण लेखिका त्यांच्यावरून लगबगीने पुढे जाते. सुनांच्या नजरेतून ही आजी कशी दिसली असती, हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतो.

आणखी एक वृद्ध स्त्री ह्या पुस्तकाच्या कडेला उभी आहे, आणि तिच्याविषयीचे मौन मला दोष वाटत नाही. लेखिकेच्या आईने रानात विवाह केला तेव्हा तिची स्वतःच्या आईशी ताटातूट झाली ती कायमची. ह्मोंग भाषेत वडिलांच्या आईला आणि आईच्या आईला वेगळे शब्द आहेत. मराठीतील ‘आजी’ ह्या एका शब्दात दोन्ही मावतात, म्हणून आपल्याला हा भेद मुद्दाम ध्यानात आणावा लागतो. नातीने पाहिलेले वार्धक्य वडिलांच्या आईचे. दुसरी आजी म्हातारी झाली ती तिच्या लेकीच्या डोळ्यांआड. सासूचे पाय धुणाऱ्या, तिची सेवा करणाऱ्या सुनेला आपल्या आईचे पाय किती भेगाळले हे कधीच कळले नाही. ह्या दुसऱ्या बाजूची कथा लेखिकेने पुढे २०२४ मध्ये ‘व्हेअर रिव्हर्स पार्ट’ ह्या आईच्या चरित्रात सांगितली.

बाहेरच्या नजरेला ह्मोंग वृद्धा कशी दिसते, ह्याची दोन उदाहरणे तुलनेसाठी पुरेशी आहेत. ज्या वर्षी ‘द लेटहोमकमर’ निघाले त्याच वर्षी क्लिंट ईस्टवुड यांचा ‘ग्रॅन टोरिनो’ हा चित्रपट आला. त्यात शेजारच्या ओसरीवर बसलेली ह्मोंग आजी आहे. ती गोऱ्या शेजाऱ्याकडे पाहून पुटपुटते, थुंकते, आणि प्रेक्षक हसतात. तिचे ह्मोंग बोलणे पडद्यावर भाषांतरित केलेले नाही, म्हणजे बहुसंख्य प्रेक्षकांना तो निव्वळ आवाज आहे. दुसरे उदाहरण अ‍ॅन फॅडिमन यांच्या १९९७ सालच्या ‘द स्पिरिट कॅचेस यू अँड यू फॉल डाउन’ ह्या पुस्तकाचे. कॅलिफोर्नियातील मर्सेड येथील अपस्माराने आजारी असलेली ह्मोंग मुलगी, तिचे आईवडील आणि डॉक्टर यांच्यातील गैरसमजाची ती शोधकथा आहे. फॅडिमन यांचा अभ्यास आणि सहानुभूती वादातीत आहेत. वारेच्या अंगरख्याची कल्पना इंग्रजी वाचकांत पसरली ती बव्हंशी त्यांच्यामुळे. परंतु तेथे ही कल्पना एका संस्कृतीचे स्पष्टीकरण म्हणून येते. यांग यांच्याकडे ती कोणाचे स्पष्टीकरण करीत नाही. एका विशिष्ट म्हातारीला एका विशिष्ट दिवशी तो अंगरखा हवा असतो.

मराठी वाचकाला येथे बहिणाबाई चौधरी आठवणे स्वाभाविक आहे. त्यांनाही लिहिता येत नव्हते, त्यांच्या ओव्या घरातील लिहित्या माणसांनी टिपून ठेवल्या आणि १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, त्यांचा संग्रह निघाला. पण साम्य येथेच थांबते. बहिणाबाईंचे शब्द त्यांच्याच बोलीत आपल्यापर्यंत आले. ह्मोंग आजीचा एकही शब्द तिच्या भाषेत वाचकापर्यंत पोहोचत नाही. जे पोहोचते ते नातीच्या इंग्रजीत. ही मर्यादा लेखिकेने कशी स्वीकारली आहे, हे तिच्या पुढील दोन चरित्रांशी तुलना केली की स्पष्ट होते. वडिलांच्या जीवनावरील ‘द साँग पोएट’ ह्या २०१६ सालच्या पुस्तकात ती बऱ्याच ठिकाणी वडिलांचाच ‘मी’ धारण करते. आईच्या चरित्रातही दृष्टी आईची आहे. आजीच्या बाबतीत मात्र ती हे धाडस करीत नाही. आजी शेवटपर्यंत ‘ती’च राहते. पहिले पुस्तक म्हणून लेखिकेची तयारी कमी पडली, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. आईवडील जिवंत होते. त्यांना विचारता येत होते, चूक झाली तर ते ती दुरुस्त करू शकत होते. आजीचे पुस्तक वाचकांपुढे आले तेव्हा आजी नव्हती. मृताच्या वतीने ‘मी’ म्हणावयाचे नसते. मृताला उद्देशून बोलावयाचे असते, आणि तो अधिकार वाट दाखविणाऱ्याचा.

वडिलांच्या पुस्तकातील एक तपशील येथे नोंदवून ठेवावासा वाटतो. लेखिकेचे वडील पारंपरिक ह्मोंग गीते रचून गाणारे कवी. लहानपणी वडील वारल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकलेले शब्द ते गोळा करीत, आणि त्यांतून एक दिवस गाणे जन्मले. सेंट पॉलच्या वसाहतीत व कारखान्यात गाणी कमी कमी होत गेली. आईच्या मृत्यूनंतर ती पुन्हा आलीच नाहीत.